स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि अंगणातली मेलेली माती : नेमकं कुठे चुकतंय?

अंगणवेल (सातारा)
१६ फेब्रुवारी, सकाळी ९:४२

नमस्कार मंडळी,

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचं घर आहे. पुढे पंधरा बाय वीस फुटांचं अंगण. घर बांधलं तेव्हा सगळा राडारोडा तिथेच पसरला गेला, त्यावर दोन ट्रॉल्या मुरूम आणि सगळ्यात वर वीतभर विकतची माती. अकरा वर्षं मी त्यात झाडं जगवते आहे. जगवतेच म्हणायचं, वाढवते असं म्हणवत नाही. पहार मारली की ठण्ण वाजतं. पाणी घातलं की वरच थारोळं साचतं आणि दुपारी त्याच जागी भेगा.

दिवाळीनंतर ठरवलं की घरातला ओला कचरा घंटागाडीत द्यायचा नाही, मातीला द्यायचा. भाजीची देठं, मटारची टरफलं, चहाचा चोथा, पपईची सालं, कधी उरलेला भातसुद्धा. रोज सकाळी टोमॅटो-वांग्याच्या बुंध्यालगत खुरप्याने खड्डा करायचा, त्यात कचरा ओतायचा, वर माती लोटायची. अडीच महिने एक दिवस चुकवला नाही.

जानेवारीत टोमॅटोची खालची पानं पिवळी पडली, मग वरची. परवा उकरून पाहिलं तर आत काळा, चिकट लगदा आणि नाक दाबून धरावं असा वास. काल रात्री घुशीने दोन वांगी मुळासकट उपटली. रोज पाणी घालून वाढवलेली झाडं अशी आडवी पडलेली बघून डोळ्यांत पाणी आलं.

सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत, माहेर माणदेशातलं. त्या पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, "कच्चं झाडाला घालू नये बाई. उकिरड्यात पडू दे, कुजू दे, ऊन-पाऊस खाऊ दे." मी ऐकलं नाही. घरात आता युरियाची पिशवी आणायचं चाललं आहे, ते मला नको आहे. माती विकत आणून वर ओतायचीही नाही. आहे तीच सुधारायची आहे. कुठे चुकलं आणि आता काय करू?

---

काळी_माती (सोलापूर)
१६ फेब्रुवारी, दुपारी १:१५

अंगणवेल ताई, सासूबाईंनी एका वाक्यात सगळं सांगितलंय. मी फक्त त्यामागचं कारण लिहितो. शेतकी शाळेत शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे जरा लांबेल.

झाड कचरा खात नाही. कचरा खातात जिवाणू, बुरशी, गांडुळं, वाणी किडे. त्यांनी खाऊन पचवून सोडलेलं जे पाण्यात विरघळतं, ते झाड पितं. तुम्ही कच्चा कचरा मुळाशी दिला, त्यावर हे सगळे जीव एकदम तुटून पडले आणि मुळांभोवतीचा प्राणवायू संपला. तुमच्या जमिनीत मुळातच हवा कमी, वरून पाणी साचतं. हवा संपली की बिनहवेचे जिवाणू काम हाती घेतात. तो वास त्यांचा. अशा कुजण्यातून आम्लं निघतात, अमोनिया निघतो, कोवळी मुळं करपतात. मुळं करपली की पान पिवळं. त्यावर युरिया म्हणजे पोट बिघडलेल्या माणसाला आग्रहाने जेवायला वाढणं.

दुसरी गोष्ट कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांच्या प्रमाणाची. चांगलं कुजायला साधारण २५ ते ३० भाग कर्बाला १ भाग नत्र लागतं. आपला ओला कचरा १५ ते २० च्या आसपास असतो, म्हणजे त्यात कर्ब कमी पडतो. वाळलेल्या पानांत हेच प्रमाण ५०-६० किंवा त्याहून वर, लाकडाच्या भुशात तर काही शेकड्यांत. म्हणून ओल्याला सुक्याची जोड द्यावीच लागते. घरी तराजू घेऊन बसायची गरज नाही. एक बादली ओलं असेल तर दोन बादल्या सुकी पानं, एवढं लक्षात ठेवा. तुम्ही अडीच महिने नुसतं ओलं दिलंत.

आता काय करायचं. ते बुंध्याजवळचे खड्डे मोकळे करा, लगदा बाहेर काढून दोन दिवस उन्हात पसरा. टाकू नका, तोच पुढे कामाला येईल. एका कोपऱ्यात विटा न चिकटवता, मध्ये दोन-दोन बोटं फटी सोडून तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच असा हौद रचा. तळाला जाड तारेची बारीक जाळी अंथरा, घूस खालूनच येते. जाळीवर तुराट्या किंवा काटक्यांचा वीतभर थर, म्हणजे खालून हवा खेळते. मग सुकी पानं, त्यावर ओला कचरा, त्यावर दोन मुठी शेणखत किंवा जुनी माती, परत सुकी पानं. सर्वांत वर कायम सुकंच दिसलं पाहिजे. ओला कचरा उघडा दिसला की माश्या आल्याच म्हणून समजा.

ओल किती हवी हे हातानेच कळतं. मधलं मूठभर उचला आणि घट्ट दाबा. बोटांच्या फटीत ओल चमकली पाहिजे, पण थेंब खाली पडता कामा नये. थेंब पडला तर सुकी पानं वाढवा. मूठ उघडल्यावर सगळं भुसभुशीत विस्कटलं तर पाणी शिंपडा. आठ-दहा दिवसांनी खालचं वर करा. तीन फुटांचा ढीग एकदम भरला आणि नीट जमला तर आत ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो, हात घातला तर चटका बसतो. रोज थोडं थोडं टाकलं तर तेवढा तापणार नाही, पण कुजेल नक्की, वेळ जास्त लागेल इतकंच.

शिजवलेलं अन्न, आमटी, लोणच्याचा खार यात घालू नका. तेलाने हवा कोंडते आणि मिठातला सोडियम चिकण माती आणखी घट्ट करतो. तुमच्या मातीला तो सगळ्यात मोठा शत्रू.

जमल्यास मातीची एक तपासणी करून घ्या, कृषी विज्ञान केंद्रात होते. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आला तर तो कमी समजतात. राडारोड्यात चुना-सिमेंट असतं, त्यामुळे मातीचा सामू (पीएच) सुद्धा वर गेला असणार.

---

कुंडीतला_मळा (ठाणे)
१६ फेब्रुवारी, रात्री १०:०५

काळी_माती सर, प्रतिसाद साठवून ठेवला आहे.

ताई, माझ्याकडे अंगण नाही, चौथ्या मजल्यावरची गॅलरी आहे. रंगाचे वीस-वीस लिटरचे दोन रिकामे डबे, बाजूने आणि तळाला भोकं पाडलेली. एक भरेपर्यंत दुसरा पिकतो. चौघांच्या घरचा कचरा बारीक चिरून टाकते, कारण फ्लॉवरचा दांडा किंवा कणसाचं बुरकुंड अख्खं टाकलं तर तीन महिन्यांनी तसंच हाती लागतं. विरजण म्हणून आंबट ताक शिंपडते आणि जुन्या खताची ओंजळभर घालते. चहाचा चोथा मात्र आधी पाण्यातून काढते, दूध-साखर राहिली की मुंग्यांची रांग लागते.

सुरुवातीला मी घाबरून एक अख्खा डबा फेकून दिला होता, ते मुद्दाम सांगते. पावसाळ्यात डब्यात बोटाच्या पेरापेक्षा थोड्या लांब, चपट्या, कड्याकड्यांच्या राखाडी-तपकिरी अळ्या शेकड्यांनी वळवळत होत्या. नंतर कळलं की त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही. मोठी झाल्यावर ती काही खातच नाही, आठवडाभर जगते आणि अंडी घालून मरते. तिच्या अळ्या मात्र आपला आठवड्याचा कचरा दोन-तीन दिवसांत फस्त करतात. त्या दिसल्या तर फेकू नका. फार झाल्या तर समजा की डबा ओला झालाय, सुकं घाला.

---

अंगणवेल
१७ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

सर, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग मी काय सांगत होते?"

आज विटा रचायला घेते. पण एक अडचण आहे. इतकी सुकी पानं आणायची कुठून? आमच्या अंगणात एक पेरू आणि एक कढीपत्ता. दोन बादल्या पानं रोज कुठून येणार?

हे लिहितानाच खिडकीतून धूर येतोय. कोपऱ्यावर पिंपळाची पानं पेटवली आहेत. रोज सकाळी हेच.

---

मृद्गंध (पुणे)
१७ फेब्रुवारी, सकाळी ११:५०

ताई, तुमच्या शेवटच्या दोन ओळींत प्रश्नही आहे आणि उत्तरही.

मी बारा वर्षं खत करते आहे आणि माझं मत ठाम झालंय : ओला कचरा ही अडचण कधीच नव्हती. तो घरात रोज आपोआप तयार होतो. तुटवडा असतो सुक्याचा, आणि तेच आपण जाळतो. झाडाने वर्षभर मुळांनी खालून ओढून आणलेलं, उन्हाने शिजवलेलं सगळं पानात साठवून पायाशी परत ठेवलेलं असतं. ते पेटवलं की कर्ब धुरात जातो, शेजारच्या दमेकऱ्याच्या छातीत जातो, आणि हातात चिमूटभर राख उरते.

आता माघ-फाल्गुन, पानगळीचा ऐन हंगाम. पुढच्या दीड महिन्यात जेवढं गोळा कराल तेवढं वर्षभर पुरवायचं. पावसाळ्यात एक कोरडं पान मिळत नाही आणि नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त गरज असते. मी खतांची रिकामी पोती घेते, पानं पायाने दाबून भरते आणि जिन्याखाली रचते. एका चौकोनी कुटुंबाला वर्षाला वीस-बावीस पोती लागतात, हा माझ्या घरचा हिशोब.

सगळी पानं सारखी नसतात. पर्जन्यवृक्ष, गुलमोहोर, शिरीष यांची बारीक पानं सोनं आहेत. चाळायची, तोडायची गरज नाही, महिन्या-दीड महिन्यात दिसेनाशी होतात. पिंपळ, वड, कडुनिंब चालतात. आंब्याचं आणि देशी बदामाचं पान चामड्यासारखं, ते आधी चुरडून घ्या, नाहीतर एकावर एक बसून छप्पर तयार होतं आणि खाली पाणी-हवा जातच नाही. निलगिरी मी घेत नाही, तिच्या तेलाने कुजणं मंदावतं.

आमच्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशीही पानं पेटवायच्या. मी दोन वेळा जाऊन "जाळू नका" म्हटलं, उपयोग झाला नाही. तिसऱ्या वेळी शेजारी उभं राहून विचारलं की का जाळता? त्या म्हणाल्या, "घंटागाडीवाला पानं घेत नाही, सोसायटी म्हणते जागा स्वच्छ हवी, मग मी नेऊ कुठं?" तोपर्यंत हा प्रश्न आम्हा एकालाही पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी दहा पोती नेऊन दिली. आता त्या भरून ठेवतात, मी पोत्यामागे त्यांना पैसे देते, आणि गेल्या चार वर्षांत आमच्या आवारात धूर झालेला नाही.

आमच्याकडे 'ब्राउन लीफ' नावाचा उपक्रम आहे. ज्यांना पानं नकोत त्यांच्याकडून ज्यांना हवीत त्यांच्याकडे ती पोचतात. साताऱ्यात तुम्ही असं काही सुरू करायला काय हरकत आहे? सुरुवात त्या कोपऱ्यावरच्या पिंपळापासून.

---

कातळावरची (देवरुख)
१७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

आमच्याकडे अंगणात असा हौद वगैरे कुणी करत नाही, सगळं आळ्यात जातं. नारळाच्या बुंध्यापासून तीन हात लांब गोल आळं, त्यात झावळ्या, पातेरा, वर शेण. मोरीचं पाणी जिथे जातं तिथे अळू आणि केळ. मासे धुतलेलं पाणी कढीलिंबाला किंवा शेवग्याला, पण ते मुळाशी एकाच जागी नाही, लांबून फिरवून आणि लगेच वर माती ओढून. नाहीतर मांजरं उकरतात.

एक सावध करते. आमची जांभ्याची माती आंबट, इतक्या पावसात त्यातला चुना धुपून जातो. म्हणून आम्हाला चुलीची राख आणि अंड्याची टरफलं मानवतात. हेच वाचून देशावरचे लोक काळ्या मातीत राख टाकतात. तुमच्याकडे चुना आधीच भरपूर, त्यात राख टाकली तर माती आणखी खारवेल. बाकी काळी_माती सरांनी सांगावं.

---

काळी_माती (सोलापूर)
१७ फेब्रुवारी, रात्री ८:४०

कातळावरची ताई, अगदी बरोबर. राखेत पालाश (पोटॅशियम) असतं म्हणून लोक टाकतात, पण ती सामू वाढवते. सातारा-सोलापूरकडे राख नको. अंड्याची टरफलंही आमच्याकडे फारशी कामाची नाहीत, आणि अख्खी टाकली तर वर्षानुवर्षं तशीच दिसतात. टाकायचीच तर मिक्सरमधून पीठ करून.

---

संत्रानगरी (नागपूर)
१८ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

आमच्याकडे प्रश्न उलटा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की ढीग कुजत नाही, वाळतो. पापडासारखी पानं तशीच्या तशी. मी हौद कडुनिंबाच्या सावलीत हलवला, वर ओलं गोणपाट टाकलं, तेव्हा कुठे जमलं.

संत्र्याच्या सालींबद्दल सगळे विचारतात. गांडुळाच्या पेटीत नको, त्यांच्या तेलापासून गांडुळं पळतात. साध्या ढिगात बारीक तुकडे करून, थोड्या थोड्या, पानांत मिसळून बिनधास्त टाका. हिवाळाभर आमच्या घरात दिवसाला दीड-दोन किलो साली निघतात, सगळ्या ढिगात जातात.

---

मोगरा_फुलला (नाशिक)
१८ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

इतका खटाटोप कशाला? केळ्याची सालं तीन दिवस पाण्यात भिजवायची आणि ते पाणी झाडाला घालायचं. मोबाइलवर सगळीकडे तेच दाखवतात. माझी गुलाबं छान आहेत.

---

मृद्गंध (पुणे)
१८ फेब्रुवारी, दुपारी ४:४५

मोगरा_फुलला, गुलाबं छान आहेत याचा आनंद आहे. पण त्या पाण्यात येतं ते थोडंसं पालाश, नत्र जवळजवळ नाहीच. तीन दिवसांत आंबून त्याला चिलटंही लागतात. मुख्य म्हणजे त्याने मातीला काहीच मिळत नाही. माती भुसभुशीत होते ती कुजलेल्या तंतूंनी, आणि ते सालीतच राहून सालीबरोबर कचऱ्यात जातात. तीच साल चिरून ढिगात टाकली तर पालाशही मिळेल आणि बाकीचंही.

---

मोगरा_फुलला (नाशिक)
१८ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:१०

हे पटलं. आजपासून सालं डब्यात.

---

कुंडीतला_मळा (ठाणे)
१९ फेब्रुवारी, सकाळी ९:००

ज्यांना शेण-गोमूत्र मिळतं त्यांच्यासाठी अमृतजल लिहिते. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराच्या वाटेने जाणाऱ्या बागप्रेमींकडून मी ते शिकले. १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस, दिवसातून तीनदा काठीने ढवळायचं. चौथ्या दिवशी त्यात दहापट पाणी घालून वापरायचं. सुकी पानं त्यात चोवीस तास भिजवून थर लावले तर कुजणं फार लवकर सुरू होतं. मी शेण गावाहून येताना आणते, एरवी ताकावर भागवते.

मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर आणि पालापाचोळ्यावर फळझाडांची बाग उभी केली. विकतची माती जवळपास न वापरता गच्चीवर झाडं होतात, तर अंगणात का नाही होणार? मला जेव्हा जेव्हा कंटाळा येतो तेव्हा मी ती बाग आठवते.

---

पोफळी (फोंडा, गोवा)
१९ फेब्रुवारी, रात्री ९:२५

कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत वाढले म्हणून एवढंच लिहिते. आमच्याकडे माती उघडी ठेवणं म्हणजे अपराध. पोफळीची झापं, केळीचे सोप, नारळाची सोडणं, जे पडेल ते जागच्या जागी अंथरायचं. सोडणं उताणी ठेवायची नाहीत, पालथी दाबून बसवायची म्हणजे त्यांत पाणी साचून डास होत नाहीत. अंगणवेल, तुमचं खत तयार होईपर्यंत चार महिने जातील. तोवर त्या भेगाळलेल्या मातीवर चार बोटं सुकी पानं पसरून ठेवा. फक्त झाकून ठेवल्याने काय फरक पडतो ते बघा.

---

अंगणवेल
२ मार्च, रात्री ९:५०

प्रगती कळवते.

मृद्गंध ताईंचं ऐकून भल्या पहाटे कोपऱ्यावर गेले, पिंपळाखाली. झाडणाऱ्या दादांशी बोलले. तेही तेच म्हणाले, नेऊ कुठं? आता एक दिवसाआड दोन पोती ते आमच्या फाटकाशी आणून ठेवतात. आजवर सतरा झाली. गल्लीतल्या एका काकांनी त्यांच्या गुलमोहोराची पानं स्वतःहून आणून दिली.

हौद अर्धा भरला. उन्हात वाळवलेला लगदा थराथरात घातला, वास दोन दिवसांत गेला. पहिल्यांदा मूठ दाबली तेव्हा थेंब पडला. आणखी पानं घातली. काल परत दाबली, बोटांच्या फटीत नुसती चकाकी. घूस दोन रात्री हौदाभोवती फिरून गेली, आत काही मिळालं नाही.

पोफळी ताई, तुम्ही म्हणालात तसं टोमॅटोभोवती पानं पसरली. दहा दिवसांनी वर करून पाहिलं तर खालची माती ओलसर होती. आधी रोज पाणी लागायचं, आता तिसऱ्या दिवशी देते.

---

अंगणवेल
९ मे, सकाळी ८:१५

ढीग बसत बसत निम्मा झाला. वरचं बाजूला केलं, खाली काळसर चुरा आहे. अंड्याच्या टरफलाचे तुकडे आणि आंब्याच्या कोयी तेवढ्या ओळखू येतात. पण तयार झालं हे नक्की कसं ओळखायचं? घाई करून मागची चूक परत करायची नाही.

---

काळी_माती (सोलापूर)
९ मे, सकाळी १०:३०

ताई, दोन परीक्षा घ्या. मूठभर खत ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा, तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा सडका वास आला तर अजून कच्चं आहे. मातीचा वास आला तर पक्कं.

दुसरी मेथीची. एका वाटीत खत आणि माती समसमान, दुसऱ्या वाटीत नुसती माती. दोन्हींत वीस-वीस मेथीदाणे पेरा. खताच्या वाटीत दाणे कमी उगवले किंवा कोंबांची टोकं करपली तर महिनाभर थांबा.

घरगुती ढीग पुरेसा तापत नाही, त्यामुळे बिया जिवंत राहतात. टोमॅटो, पपई, भोपळा खतातून आपोआप उगवतील. टोमॅटो ठेवा. दुधी, काकडी यांचे वेल आपसूक उगवलेले असतील तर फळ शिजवण्याआधी कच्ची चकती जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंकून द्या आणि फळ टाकून द्या. संकर झालेल्या बियांपासून कडू फळं येऊ शकतात आणि कडू दुधी विषारी असतो. याबाबतीत हयगय नको.

---

अंगणवेल
१४ मे, दुपारी १२:०५

पिशवी पास. मेथी : मातीच्या वाटीत वीसातली बारा, खताच्या वाटीत अठरा. सासूबाईंनी दोनदा मोजली.

चाळून अडीच पोती निघालं. जाडंभरडं परत हौदात, विरजण म्हणून.

---

मृद्गंध (पुणे)
१४ मे, दुपारी १:४०

अभिनंदन ताई! आता ते खोल पुरू नका. वरच्या चार-सहा बोटांत मिसळा, वर परत पानांचं पांघरूण घाला. मुरूम फोडायचं काम गांडुळांना करू दे. गांडुळं विकत आणायची घाई नको. विकत मिळतात ती आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस जातीची, वरच्या कुजक्या थरात राहणारी. पेटीत ती उत्तम काम करतात, पण मुरमात खोल जाणं त्यांचं काम नाही. ओल आणि खाणं मिळालं की आपल्या मातीतली देशी गांडुळं पावसाबरोबर स्वतःहून येतात.

---

अंगणवेल
२१ जून, संध्याकाळी ७:१०

आज दुपारी चांगला दोन तास पाऊस झाला. दरवर्षी एवढ्या पावसाने अंगणाचं तळं होतं आणि आम्ही विटा टाकून दारापर्यंत येतो. आज उजव्या निम्म्या भागात, जिथे खत आणि पानं घातली तिथे, पाणी साचलं नाही. डाव्या भागात नेहमीसारखं तळं. दोन्हींच्या मधली रेघ स्पष्ट दिसत होती.

पाऊस थांबल्यावर पानं बाजूला करून खुरपं घातलं. मनगटापर्यंत आत गेलं, ठण्ण आवाज नाही. ढेकूळ हातात घेऊन हलके दाबलं तर साबुदाण्यासारखे कण सुटे झाले, आणि त्यात एक गांडूळ, करड्या रंगाचं, करंगळीएवढं. मी ओरडलेच. सासूबाईंना हात धरून बाहेर आणलं. त्यांनी माती नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "ही आमच्या मळ्याची माती." बराच वेळ हातातच धरून बसल्या होत्या. त्यांच्या माहेरचा मळा बाहत्तरच्या दुष्काळानंतर विकला गेला, हे मला आज पहिल्यांदा कळलं.

---

मृद्गंध (पुणे)
२१ जून, रात्री ८:०५

वाचून गहिवरून आलं. तो वास जिओस्मिनचा. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू तो तयार करतात. पहिल्या पावसाचा वास आणि पिकलेल्या खताचा वास एकच का, त्याचं कारण हे. आजींना तो वास ओळखीचा वाटला म्हणजे तुमच्या मातीत आता वस्ती झाली आहे.

---

कातळावरची (देवरुख)
२१ जून, रात्री ९:३०

आजींना माझा नमस्कार सांगा.

---

नवी_पालवी (सातारा)
१२ जुलै, सकाळी १०:२०

पूर्ण धागा काल रात्री वाचून काढला. मीही साताऱ्यातच, शाहूपुरीत. एप्रिलपासून डब्यात खत करते आहे. पण पाऊस लागल्यापासून डबा नुसता चिखल झालाय, वास येतो, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा सांगून झालं. सुकी पानं आता कुठे मिळणार? वर्तमानपत्र टाकलं तर ते लगदा होऊन बसतं. बंद करावं असं वाटू लागलंय.

---

काळी_माती (सोलापूर)
१२ जुलै, सकाळी ११:००

बंद करू नका. चार-पाच दिवस नवीन कचरा घालू नका. सगळं बाहेर काढून मोकळं करा. वर्तमानपत्र सपाट टाकू नका, फाडून चुरगाळून टाका. खोक्यांचा पुठ्ठा त्याहून बरा, चिकटपट्टी काढून हाताने तुकडे करा. सुताराकडचा भुसा मिळाला तर तोही चालेल, पण प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो. डब्याखाली दोन विटा द्या म्हणजे तळाची भोकं मोकळी राहतील.

---

अंगणवेल
१२ जुलै, दुपारी २:३५

नवी_पालवी, पुठ्ठा आजच्या दिवसापुरता. माझ्याकडे जिन्याखाली अजून चौदा पोती पानं आहेत, एकदम कोरडी. मला दिवाळीपर्यंत नऊ-दहा पुरतात. चार तुमची. पिंपळाची तीन आहेत आणि गुलमोहोराचं एक, गुलमोहोराचं आधी वापरा. रविवारी सकाळी पाऊस उघडला की या, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. डब्यातला चिखलही एका पिशवीत घेऊन या, इथेच मिसळून मूठ दाबून बघू. आणि पोती रिकामी झाली की परत द्या, फेब्रुवारीत पिंपळाखाली लागतील.